वेंडेलिनच्या गवतातली सळई

त्या उन्हाळ्यात गवत काही केल्या सुकेना. कापलं की पाऊस, उलटलं की पाऊस. ऑस्ट्रियातल्या फोरआर्लबर्गच्या त्या दरीत अकरा घरं, आणि अकराही घरांतली माणसं जुलैभर आभाळाला शिव्या घालत बसली. शेवटी महिना सरता सरता ऊन पडलं आणि ज्यानं त्यानं घाईघाईनं गवत माळ्यावर टाकलं. कास्परनं आपलं चौथ्या दिवशी घेतलं, मुठीत चुरगाळून, काडी कानाशी मोडून, खात्री करून. पलीकडच्या वेंडेलिननं दुसऱ्याच दिवशी घेतलं. कुंपणाच्या अलीकडून कास्परला ते दिसत होतं. ओलं आहे, हे त्याला तिथूनही कळत होतं. पण सांगणार कसं? झऱ्याच्या पाण्यावरून दोन्ही घरांत सहा वर्षं शब्द नव्हता.

दोन आठवड्यांनी, बुधवारी भर दुपारी, वेंडेलिनचा गोठा पेटला.

दरीतले सगळे बाप्ये बंबाच्या टोळीत आहेत. भांडण असो नसो, भोंगा वाजला की जायचं. कास्परही गेला. गाई वर डोंगरावरच्या कुरणात होत्या म्हणून वाचल्या, खाली बांधलेलं एक वासरू तेवढं गेलं. छत कोसळल्यावर टोळीचा नायक गेबहार्ड ओरडला, "गवत बाहेर ओढा रे, आतून धुमसतंय!" मग दाताळी घेऊन चौघं-पाचजण उरलेल्या माळ्यावर चढले. धुरानं डोळे गळत होते. कास्पर मधल्या ढिगात घुसला आणि त्याचं दाताळं खण्णकन लोखंडावर आपटलं.

सळई होती. माणसाच्या उंचीची, उभी, ढिगात खोल खुपसलेली. वरची लाकडी मूठ जळून गेली होती, कडी तेवढी उरली होती. त्यानं हातमोज्यानं कडी पुसली. दोन रेघा आणि खाली अर्धा चांद. ही खूण त्याच्याच घराची. त्याच्या कुऱ्हाडीवर, दाताळ्यावर, दुधाच्या कॅनवर हीच खूण होती.



अशी सळई तिथं घरटी एक असते. ओल राहिलेलं गवत आतून तापत जातं आणि आपोआप पेटतं, म्हणून गवत आत घेतलं की ती ढिगात खुपसून ठेवायची, सकाळ-संध्याकाळ उपसून टोक मुठीत धरून बघायचं. धरवलं तर ठीक, नाही धरवलं तर गेबहार्डला बोलवायचं. ही सळई कास्परच्या पडवीत खुंटीला असायला हवी होती. ती इथं कशी आली, हे विचारायला त्याला कुणाकडे जायची गरज नव्हती. घरात माणसं तीन. तो, बायको बुर्गा, आणि सोळा वर्षांचा सेवेरिन.

आणि सेवेरिनचं काय झालं होतं, ते साऱ्या दरीला ठाऊक होतं. तीन आठवड्यांपूर्वी डेअरीच्या दारात वेंडेलिननं पोराची कॉलर धरली होती. "तुझ्या त्या फटफटीनं माझ्या गाई बुजतात," म्हणून दहा माणसांसमोर थोबाडीत हाणली होती. पोरगा कानापर्यंत लाल झाला, आणि म्हणाला, "हे तुला फेडावं लागेल एक दिवस." दहाही माणसांनी ते ऐकलं होतं.

त्यात काल, मंगळवारी संध्याकाळी, पोरगा हात भाजून घरी आला होता. तळहातावर आडवा लाल पट्टा, बोटाएवढा रुंद. सायलेन्सरला लागला म्हणाला. बुर्गानं मलम लावून पट्टी बांधली.

काडी ओढून आग लावणं हे शहरातल्या माणसाचं काम. ज्याला गवत कळतं त्याला काडी लागत नाही. आतून तापलेल्या गवताला फक्त भोक पाडायचं, वारा आत जाऊ द्यायचा, आणि निघून जायचं. ते दिवसभर धुमसतं आणि दुसऱ्या दिवशी पेट घेतं. तेव्हा आपण भलतीकडेच असतो. हे सेवेरिनला कुणी शिकवलं होतं? कास्परनंच. लहानपणी मांडीवर घेऊन बजावलं होतं, तापल्या गवताला कधी उकरू नये, ते भडकतं.

"काय रे कास्पर, झालं का तिकडचं?" खालून गेबहार्डची हाक आली.

"झालं, झालं," कास्पर म्हणाला. त्यानं सळई उपसली, दाताळ्यांच्या मोळीत घातली, वर ओलं पोतं टाकलं आणि आपल्या ट्रॉलीत नेऊन ठेवली.  

घरी आल्यावर त्यानं गोठ्यामागच्या शेणाच्या हौदाची फळी उचलली आणि सळई आत सोडली. वरची साय फुटली, चार बुडबुडे आले आणि परत मिटलं. फळी बसवून तो वळला तर स्वयंपाकघराच्या खिडकीत बुर्गा उभी.

"काय टाकलंस?" तो आत येताच तिनं विचारलं.

"काही नाही."

"कास्पर, बावीस वर्षं तुझ्याशी संसार केलाय मी. काय टाकलंस?"

"सळई," तो म्हणाला. "आपली. त्याच्या गवतात होती, मधोमध."

बुर्गा बाकावर बसली. हातातलं फडकं तिनं मांडीवर पसरलं, परत घडी केलं. "हात," ती म्हणाली. "मला कालच वाटलं होतं. सायलेन्सरनं असा सरळ पट्टा उठत नाही. आणि शर्टाला ही एवढी गवताची भुकटी. मी धुतला सकाळी."

"बरं केलंस."

"बरं केलं?" ती एकदम रडायला लागली. "आपला पोरगा आहे रे तो. कोंबडी कापायची म्हटलं तर उठून जातो. कसं करेल असं?"

"केलं नसेल तर सळई काय चालत गेली?"

म्हणतात ना, मन चिंती ते वैरी न चिंती. त्या दोघांनी तासाभरात पोराचा खटला चालवला, शिक्षा सुनावली आणि त्याला वाचवायची तयारीही केली. ठरलं असं की मंगळवारी संध्याकाळी सेवेरिन घरीच होता, बापाबरोबर विळे पाजळत. मग त्याला हाक मारली.

सेवेरिन दारात उभा राहिला. उंच, हाडकुळा, पट्टीचा हात पोटाशी धरलेला. "वेंडेलिनकडं सगळंच गेलं का?" त्यानं विचारलं.

"तू काल संध्याकाळी घरी होतास," कास्पर म्हणाला. "माझ्याबरोबर. विळे पाजळत होतास."

"नव्हतो. बाबा, मला सांगायचंय तुला, मी काल—"

"तू काही सांगायचं नाहीस!"

"अरे, ऐक तरी."

"मला ऐकायचं नाही! जे मी ऐकलंच नाही, ते मला पोलिसांना सांगावं लागत नाही. कळलं? तोंड मिटून ठेव. कुणी विचारलं तर विळे."

पोरानं आईकडे पाहिलं. तिनं नजर फडक्यात घातली. मग तो बापाकडे बघत राहिला, बराच वेळ. बापाच्या काजळलेल्या हातांकडे, गळ्याकडे, भुवया करपलेल्या तोंडाकडे. "बरं," तो म्हणाला. "विळे." आणि जिना चढून गेला.

गुरुवारी पोलीस आला. माथिस म्हणून, पोट सुटलेला, शांत माणूस. टोपी काढून टेबलावर ठेवली, दिलेली कॉफी प्यायला. घरोघर फिरत होता. वेंडेलिन म्हणतो गवत हाडासारखं कोरडं होतं. ते कुणी तपासलं होतं का? कुणाला वास आला होता? तापलेल्या गवताला करपलेल्या साखरेसारखा वास येतो, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"आम्ही त्या बाजूला जात नाही," कास्पर म्हणाला.

"सळई आहे ना तुमच्याकडे?"

हा प्रश्न सगळ्या घरांना होता. पण कास्परला वाटलं, याला सगळं कळलंय. "होती," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली मोडून. टाकून दिली."

"मग तुमचं गवत कशानं बघता?"

"हात घालून."

माथिसनं वहीत लिहून घेतलं. बुर्गानं न विचारताच सांगितलं की मंगळवारी पोरगा विळे पाजळत होता. माथिसनं तेही लिहून घेतलं, पण लिहिताना एकदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

शुक्रवारी बापलेक वरच्या उतारावर दुसरं गवत कापायला गेले. तिथं यंत्र चढत नाही, विळेच चालवावे लागतात. पायाला खिळ्यांचे बूट घालून, एकाखाली एक असे दोघं चालले. सेवेरिन खाली, कास्पर वर. पट्टीच्या हातानं पोरगा विळा धरत होता आणि दर दहा पावलांवर थांबून हात झटकत होता. दुखतंय का, असं विचारावंसं कास्परच्या ओठांवर आलं. पण हाताचं बोलणं काढलं की पुढचं सगळं आलं.  घाम मानेवरून पाठीत उतरत होता. खाली वेंडेलिनच्या गोठ्याची काळी चौकट दिसत होती आणि वारा फिरला की ओल्या राखेचा वास वरपर्यंत येत होता.

कास्पर पोराच्या पाठीकडे बघत होता. याच पाठीवर शाळेचं दप्तर होतं, परवा-परवापर्यंत. ह्यानं खरंच एवढं केलं? खाली वासरू बांधलंय हे ह्याला माहीत होतं का? एकदा सेवेरिननं वळून पाहिलं आणि दोघांची नजर भिडली. पोराच्या डोळ्यांत असं काही होतं की कास्परला वाटलं, आरोपी मीच आहे.

"काय बघतोस?" कास्पर म्हणाला.

"तू काय बघतोस?"

"विळा नीट धर."

संध्याकाळी डेअरीत दूध घालायला बुर्गा गेली. बायका बोलता बोलता थांबल्या. दूध मापणारा रोज "काय बुर्गा, काय म्हणतेस" म्हणायचा, तो आकडा सांगून मोकळा झाला. वेंडेलिन कोपऱ्यात हात बांधून उभा होता. "पेटवणारे काही बाहेरून येत नाहीत," तो छताकडे बघत म्हणाला. "आपल्याच ताटातलं खाऊन मोठे होतात." बुर्गानं रिकामा कॅन उचलला आणि घरी येईपर्यंत कुठं थांबली नाही. रात्री पोरगा झोपल्यावर तिनं त्याच्या पँटचे खिसे चाचपले. एक स्पॅनर आणि अर्धं चॉकलेट निघालं. तिनं ते परत ठेवलं आणि आपल्याच हाताची तिला शिसारी आली.

शनिवारी सकाळी माथिस पुन्हा आला. या वेळी टोपी काढली नाही. "मंगळवारी सात वाजता तुमच्या मुलाची फटफटी वेंडेलिनच्या गोठ्यामागं उभी होती," तो म्हणाला. "दोघांनी बघितलीय. मग विळे कोण पाजळत होतं?"

 बुर्गानं गरम भांडं फडक्याविना उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"मी होतो तिथं," सेवेरिन म्हणाला.

"गप बस!" कास्पर ओरडला.

"नाही बसत. तीन दिवस बसलो." पोरगा माथिसकडे वळला. "मी खालच्या रस्त्यानं येत होतो. करपलेल्या साखरेचा वास आला. वेंडेलिनच्या माळ्यावरून. हाका मारल्या, घरी कुणी नव्हतं. मग मी घरून आमची सळई नेली, खुपसली, थांबलो, काढून टोक धरलं." त्यानं दातानं पट्टीची गाठ सोडली आणि तळहात टेबलावर उताणा ठेवला. "हे असं झालं. मग मी ती परत खुपसून ठेवली. मधोमध, उभी. त्याला सकाळी दिसावी म्हणून."

माथिसनं हाताकडे पाहिलं. "सांगितलं का नाहीस कुणाला?"

"सळई ठेवली ना! तेच सांगणं असतं. आमच्यात बोलणं नाही. आणि घरी सांगितलं असतं तर त्याच्या कुंपणात पाय का टाकलास म्हणून मला ओरडा बसला असता. बुधवारी सांगायला गेलो तर... तर नाही सांगता आलं."

"बाळा," माथिस हळू म्हणाला, "राख आम्ही चाळणीनं चाळलीय. सळई नाही. वेंडेलिन म्हणतो, त्यानं काही पाहिलं नाही. आणि तुझ्या वडिलांनी मला गुरुवारी सांगितलंय की या घरात दोन वर्षं सळई नाही." त्यानं वही मिटली. "सोमवारी आठ वाजता शहरात यायचं. कपडे घेऊन या, राहावं लागेल. सळई सापडली तर बोलू."

तो गेला. गाडीचा आवाज वळणापलीकडे विरला.

"वेंडेलिननंच लपवली असणार," सेवेरिन म्हणाला. "विम्यासाठी. ओलं गवत आत घेतलं म्हटलं तर त्याला काही मिळणार नाही. बाबा, तू सांग ना त्यांना, आपली सळई आहे म्हणून. मोडली कशाला म्हणालास? मला तर वाटत होतं की तू..." तो थांबला. "मला वाटलं, तूच काहीतरी केलंयस. म्हणून मी गप्प बसलो."

 दुसऱ्याच्या गवतात आपली सळई उभी ठेवणं म्हणजे काय, हे कास्परला विसरायला झालं होतं. त्याचा आजा नि वेंडेलिनचा आजा, त्यांच्यातही वैर होतं. एकदा आजानं पहाटे उठून त्यांच्या माळ्यावर सळई ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी ती मुकाट्यानं, पुसून, कुंपणावर टांगलेली मिळाली होती. बोलत नाही म्हणून कुणी कुणाचा गोठा जळू देत नाही. पोरानं तेच केलं होतं. बापानं उभी सळई डोळ्यांनी पाहिली, हातानं उपसली, आणि त्याला त्यात आग लावणारा दिसला.

"हौदात आहे," बुर्गा म्हणाली, कारण तो म्हणत नव्हता. "तुझ्या बाबानं उचलली आणि हौदात टाकली. आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं?"

 सेवेरिननं दोघांकडे पाहिलं.  मग तो बाहेर निघून गेला आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागं जाऊन बसला.

त्या दिवशी कास्परनं आकडा बांधलेल्या लांब काठीनं हौद ढवळला. तीन मीटर खोल हौद, काठोकाठ भरलेला. आकड्याला चिखल नि चिंध्या लागल्या. हौद उपसायचा म्हणजे शेणकाला पंपानं कुरणावर फवारायचा, आणि उद्या रविवार. नुसता रविवार नाही, माता मारियेच्या सणाचा. त्या दिवशी बायका औषधी पाल्याच्या जुड्या घेऊन देवळात जातात, मिरवणूक निघते. असल्या दिवशी शेण फवारणारा माणूस त्या दरीत अजून जन्मला नव्हता.

रविवारी सकाळी आठला कास्परनं पंप लावला.

नऊ वाजता घंटा झाल्या. मिरवणूक खालच्या रस्त्यानं निघाली तेव्हा वारा नेमका तिकडेच होता. पुढचा झेंडा थबकला. बायकांनी जुड्या नाकाला लावल्या. एकीनं ओरडून विचारलं, "कास्पर, लाज सोडलीस का रे?" दुसरी म्हणाली, "पोरगा आग लावतो, बाप घाण उडवतो, घराणंच तसलं." कास्पर नळी धरून उभा होता. मान खाली घालून, सणाच्या दिवशी, गुडघाभर घाणीत. शेजारी बुर्गा पंपाकडे बघत होती. तिनं सणाचा पोशाखसुद्धा काढला नव्हता आणि झालरीवर शिंतोडे उडत होते. सेवेरिन हौदाच्या काठावर बसून होता.

साडेदहाला गेबहार्ड तणतणत आला. मागून अर्धी मिरवणूक. "डोकं फिरलं का तुझं? फादर देवळात उलटी करायच्या बेतात आहेत!"

"सळई आहे आत," कास्पर म्हणाला. "खाली उतरायचंय मला."

"कसली सळई? आणि आत उतरतोस? त्या वायूनं दोन श्वासांत मरशील, मूर्खा. गेल्या वर्षी पलीकडच्या खोऱ्यात बाप नि मुलगा दोघं गेले." गेबहार्डनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "थांब. मुखवटा आणतो."

बंबाच्या गाडीतून हवेची टाकी नि मुखवटा आला. कास्परच्या कमरेला दोर बांधला. दोर धरायला टोळीतले दोघं पुढं झाले, तेवढ्यात सेवेरिन उठला.

"मी धरतो."

"तुझा हात भाजलाय," गेबहार्ड म्हणाला.

"मी धरतो म्हटलं ना."

गेबहार्डनं त्याच्या मागं एक माणूस उभा केला आणि दोर त्याच्या हातात दिला. कास्पर शिडीवरून उतरला. तळाशी छातीच्या खालपर्यंत गाळ उरला होता, गार आणि जड. मुखवट्यात त्याचा स्वतःचाच श्वास घरघरत होता. पायानं चाचपायचं, वाकायचं, हात खांद्यापर्यंत घालायचा. एक मोडकी बादली. एक नाल. मग पुन्हा गाळ. किती वेळ गेला कळेना. वर बघितलं की उजेडाचा चौकोन, आणि त्यात दोर धरलेलं पोरगं. आता ह्यानं दोर सोडला तरी त्याचा हक्क आहे, असं कास्परच्या मनात आलं. दोर ताठ होता. पलीकडच्या कोपऱ्यात बोटांना लोखंड लागलं.

तो सळई घेऊन वर आला. बुर्गानं बादलीभर पाणी सळईवर ओतलं. काळी पडलेली, वाकलेली. कडीवर दोन रेघा आणि अर्धा चांद.

"ही वेंडेलिनच्या ढिगात होती," कास्पर मुखवटा काढून म्हणाला. "मधोमध, उभी. बुधवारी मी काढली. माझ्या पोरानं आदल्या दिवशी तपासायला ठेवली होती. गवत तापलं होतं."

"मग लपवलीस कशाला?" गेबहार्डनं विचारलं.

सगळी दरी उभी होती. सेवेरिनही, दोराची गुंडाळी हातात घेऊन.

"कारण मला वाटलं, त्यानंच आग लावली," कास्पर म्हणाला. "मी त्याला विचारलंसुद्धा नाही. तो सांगत होता, मी तोंड बंद केलं त्याचं."

कुणीतरी खाकरलं. मागून वेंडेलिनचा आवाज आला, "आता काय, बाप घरची सळई आणून दाखवणारच. मी नव्हती बघितली कुठली सळई."

"बघितली होतीस," त्याची बायको झेंझी म्हणाली.

"तू गप गं."

"का गप? बुधवारी न्याहारीला बसलास तेव्हा काय म्हणालास? कास्परची सळई आपल्या गवतात उभी आहे, त्यानं मला गवत शिकवायला नको, राहू दे तशीच. मी म्हटलं, अरे धरून तर बघ. तू पाव खात राहिलास." तिनं हातातली जुडी त्याच्याकडे रोखली. "तुझ्या गर्वापायी वासरू गेलं माझं, जिवंत जळालं. आता हे पोरगं पण घालवतोस? मी सांगणार आहे माथिसला. उद्या नाही, आजच."

वेंडेलिन टोपी चाचपत राहिला. मग वळला आणि एकटाच उतारावरून चालू लागला. गेबहार्डनं सळई पोत्यात गुंडाळली आणि बंबाच्या गाडीत ठेवली. माथिसला फोन लावत लावत तो गेला. माणसं पांगली. जाताना जो तो सेवेरिनच्या पाठीवर थाप मारत होता. सकाळी ओरडलेल्या बायकांतली एक तर त्याच्या खिशात केकचा तुकडा कोंबून गेली. पोरगा थापा घेत उभा होता.

अंगणात तिघंच उरली. बुर्गा त्याच्याजवळ गेली, पण त्याला हात लावायचं तिला धाडस झालं नाही. "जेवायला करते," ती म्हणाली आणि आत गेली.

कास्पर पाण्याच्या दगडी कुंडापाशी उभा राहिला. डोक्यापासून बुटांपर्यंत घाण वाळायला लागली होती. सेवेरिननं नळी लावली, तोटी उघडली आणि पाणी सोडलं. डोंगराचं पाणी ते, ऑगस्टातही दातखीळ बसवणारं. कास्परनं तोंड फिरवलं नाही.

"सेवेरिन."

"हं."

"चुकलो रे मी."

पाणी छातीवरून पोटावर आलं. "हात वर कर," पोरगा म्हणाला. त्यानं हात वर केले. काखेतली, बरगड्यांवरची घाण सुटून पायाशी वाहू लागली.

"एकदा विचारायचं होतंस," सेवेरिन म्हणाला. "एकदाच. मी खरं सांगितलं असतं."

"त्याचीच भीती वाटली," कास्पर म्हणाला. दात वाजत होते. "हो म्हणाला असतास तर मी काय केलं असतं?"

 सेवेरिननं नळी दुसऱ्या हातात घेतली, भाजलेल्या तळहाताला पाणी लागत होतं म्हणून.

"पाठ कर," तो म्हणाला.

कास्पर वळून उभा राहिला.